‘युथ अ‍ॅम्बॅसेडर’ म्हणून निवड झाली आहे, पैसे भरू का?

प्रश्न : माझी मुलगी अमरावतीत बीएस्सी गृहविज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय आहारशास्त्र. कुपोषणाविरुद्ध काम करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय गटाने तिला ‘युथ अ‍ॅम्बॅसेडर’ म्हणून निवडल्याचा मेल आलाय. बँकॉकला चार दिवसांची परिषद आहे. ‘डेलिगेट फी’ ८५ हजार रुपये, विमानाचं भाडं वेगळं. पत्रावर संयुक्त राष्ट्रांसारखं बोधचिन्ह आहे आणि पंधरा दिवसांत पैसे भरायचे आहेत. तिला पुढे युनिसेफ किंवा वर्ल्ड फूड प्रोग्रॅममध्ये जायचंय. या परिषदेचा त्यासाठी उपयोग होईल का?

उत्तर : ताई, इतक्यात पैसे भरू नका. ही फसवणूकच आहे असं मी म्हणत नाही. अशा बऱ्याच परिषदा कायदेशीर असतात. हॉटेलचा हॉल, चार भाषणं, एक दिवस शहरदर्शन, गळ्यात ओळखपत्र आणि शेवटी प्रमाणपत्र असा त्यांचा कार्यक्रम असतो. ही सहल म्हणून परवडत असेल तर खुशाल जावं. नोकरीच्या अर्जात मात्र तिचं वजन जवळजवळ शून्य.

आधी बोधचिन्हाबद्दल. ऑलिव्हच्या फांद्यांमधला जगाचा नकाशा कुणालाही वापरता येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने ७ डिसेंबर १९४६च्या ठरावाने त्याच्या वापरावर बंधन घातलं आहे आणि परवानगीशिवाय तो वापरायला मनाई आहे. संयुक्त राष्ट्रांच्या संस्था अर्ज, मुलाखत, प्रशिक्षण यांपैकी कुठल्याही टप्प्यावर उमेदवाराकडून पैसे घेत नाहीत. काही आयोजक ‘आम्हाला संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक व सामाजिक परिषदेचा विशेष सल्लागार दर्जा आहे’ असं सांगतात. तो खरा असूही शकतो, कारण जगभरातल्या हजारो संस्थांना तो मिळालेला आहे. पण त्यामुळे त्यांच्या परिषदेला संयुक्त राष्ट्रांची मान्यता मिळत नाही.

मुलीने आयोजकांना मेलवर चार प्रश्न विचारावेत. किती अर्ज आले आणि त्यातून किती जण निवडले? निवड कशाच्या आधारावर झाली? परिषदेतून कोणता मसुदा किंवा मागणीपत्र निघणार आणि ते कोणत्या सरकारकडे जाणार? मागच्या वर्षीच्या प्रतिनिधींनी परत गेल्यावर काय काम केलं? उत्तरादाखल ‘शेवटच्या काही जागा’ किंवा ‘आज भरल्यास सवलत’ असं आलं, तर तुम्हाला निर्णय घेणं सोपं जाईल.

तरुणांसाठी खऱ्या वाटाही आहेत, पण त्या सहसा पंधरा दिवसांची मुदत देत नाहीत. महासभेच्या अधिवेशनाला जाणारे युवा प्रतिनिधी त्या त्या देशाचं सरकार आपल्या शिष्टमंडळातून पाठवतं. खासगी गटाला ते पद देता येत नाही. २०१० साली सुरू झालेल्या ‘स्केलिंग अप न्यूट्रिशन’ चळवळीत तरुण नेते तयार करण्याचा कार्यक्रम झाला. आपल्या देशाच्या पोषण धोरणाचा आणि अंदाजपत्रकाचा पाठपुरावा करणं हा त्यातल्या कामाचा गाभा. अन्न व कृषी संघटनेच्या युवा समितीतून २०२१ साली ‘वर्ल्ड फूड फोरम’ उभा राहिला, तो ऑक्टोबरमध्ये रोमला भरतो. तुमच्या मुलीला सगळ्यात जवळची वाट म्हणजे संयुक्त राष्ट्र स्वयंसेवक, म्हणजे यूएनव्ही. युवा स्वयंसेवकासाठी वय १८ ते २६ लागतं आणि दरमहा निर्वाह भत्ता मिळतो. त्याआधी कॉलेज सांभाळून ऑनलाइन स्वयंसेवकाचं काम करता येतं, तेही घरबसल्या आणि फुकट नोंदणीने. भाषांतर, तक्ते, माहितीपत्रकं असं काम असतं. छोटं दिसलं तरी कामाचा तपशील आणि देखरेख करणाऱ्याचं नाव अर्जात लिहिता येतं.

भरती करणारा माणूस अर्जात पदव्यांच्या खाली काय बघतो? हिला मूल मोजता येतं का, माहिती स्वच्छ ठेवता येते का, आणि गैरसोयीच्या जागी ही किती महिने टिकली. बिरुदं तो वाचतच नाही.

मोजणं सोपं वाटतं, आणि घोळ तिथेच होतो. सहा ते ५९ महिन्यांच्या मुलाचा दंडाचा घेर ११५ मिलिमीटरपेक्षा कमी असला तर ते ‘सॅम’, म्हणजे तीव्र कुपोषण. ११५पासून १२५च्या आत असला तर ‘मॅम’, म्हणजे मध्यम कुपोषण. मोजायचा डावा हात. कोपर काटकोनात ठेवून खांद्याच्या हाडाचं टोक आणि कोपराचं टोक यांच्या मधोमध खूण करायची, मग हात सैल सोडून त्या खुणेवर टेप लावायची. टेप जरा आवळली की आकडा दोन-तीन मिलिमीटरने उतरतो आणि काठावरचं मूल उगाच सॅमच्या यादीत जातं. ढिली राहिली तर खरं सॅम मूल यादीतून सुटतं. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी झोपवून घ्यायची, त्यावरच्या मुलाची उंची उभं करून. यात अदलाबदल झाली तर सुमारे ०.७ सेंटिमीटरचा फरक पडतो. दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून खळगा राहतो का तेही बघायचं. राहिला तर काट्यावर वजन कितीही बरं दिसो, मूल तीव्र कुपोषित धरायचं. सुजेमुळे वजन फुगतं, म्हणून अशी मुलं नुसत्या वजनाच्या यादीत सापडत नाहीत.

आपत्तीच्या जागी ‘स्मार्ट’ नावाच्या ठरलेल्या पद्धतीने कुपोषणाची पाहणी होते. तिथे मोजणाऱ्यांची आधी परीक्षा घेतात : साधारण दहा मुलं, प्रत्येक मूल दोनदा, आणि दोन्ही आकड्यांतला फरक तपासायचा. फरक मोठा निघाला तर त्या मोजणाऱ्याच्या हातात टेप द्यायची नाही, असा संकेत. दमलेला माणूस आकड्याचा शेवटचा अंक ० किंवा ५ वर नेऊन ठेवतो, ते संगणकावर लगेच उघडं पडतं. उंचीच्या मानाने वजनाच्या निर्देशांकाचं प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप) साधारण ०.८ ते १.२ यात बसायला हवं. बेशिस्त मोजमापाने ते फुगतं आणि कुपोषण खऱ्याहून जास्त दिसतं. अशा आकड्यांवर मदत कुठे किती जायची ते ठरतं. या विश्लेषणाचं ‘ईएनए’ हे सॉफ्टवेअर फुकट आहे, दुसऱ्या वर्षाच्या मुलीला ते नक्की जमेल.

सराव कुठे करायचा? अमरावतीकरांना हा प्रश्न पडू नये. कुपोषणासाठी ओळखले जाणारे मेळघाटातले धारणी आणि चिखलदरा हे तालुके तुमच्याच जिल्ह्यात आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या २५.६ टक्के मुलांचं वजन उंचीच्या मानाने कमी निघालं. देशाचा आकडा १९.३. जागतिक वर्गवारीत १५ टक्क्यांवर गेलं की ‘अति तीव्र’ म्हणतात. म्हणजे ज्या प्रश्नावर बँकॉकमध्ये चर्चा होणार, तो घराजवळ जास्त टोकाचा आहे.

मात्र थेट अंगणवाडीत जाऊन उभं राहू नये. कॉलेजच्या विभागप्रमुखांचं पत्र घेऊन बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडून लेखी परवानगी काढावी. काय करणार, किती दिवस, मुलांची माहिती कुठे ठेवणार, एवढं एका पानात लिहावं. महिन्यातला वजनाचा दिवस गाठून अंगणवाडी सेविकेच्या हाताखाली काम करावं. पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या सरकारी अ‍ॅपमध्ये नोंद कशी होते, सॅम मूल ग्राम बाल विकास केंद्रात की पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवतात आणि कधी, पाठवल्यावरही आई का येत नाही (मजुरी बुडते, घरी दुसरं लहान मूल असतं), हे तिथेच कळतं. आणि कुपोषित मुलाचा फोटो काढून समाजमाध्यमांवर टाकायचा नाही, परवानगी मिळाली तरी. ‘अ‍ॅम्बॅसेडर’ मंडळींचा हा नेहमीचा उपद्व्याप आहे आणि गंभीर संस्था त्यावरूनच अर्ज बाजूला ठेवते. उन्हाळ्याच्या सुट्टीत धारणीजवळ उतावलीला ‘महान’ संस्थेकडे किंवा गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेच्या तरुणांसाठीच्या ‘निर्माण’ उपक्रमाकडे विचारून पाहावं.

८५ हजारांचं काय करायचं? पहिला वाटा फ्रेंचला. नायजर, चाड, काँगो, माली इथे कुपोषणाचं काम मोठं आणि कार्यालयीन व्यवहार बहुतेक फ्रेंचमध्ये. बी-२, म्हणजे कामापुरती सफाईदार भाषेची पातळी गाठायला दोन-अडीच वर्षं सहज लागतात, म्हणून सुरुवात आत्ताच. पुण्या-मुंबईच्या आलियाँस फ्रान्सेजचे वर्ग ऑनलाइनही असतात. दुसरा वाटा एमएच्या किंवा एमपीएचच्या (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) प्रवेशाची तयारी, अर्ज आणि प्रवासाला. मुंबईत देवनारला आयआयपीएस (लोकसंख्याशास्त्राची संस्था) आणि टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) दोन्ही आहेत. आकडेवारीकडे कल असेल तर आयआयपीएस, समाज आणि आरोग्यव्यवस्था यांत रस असेल तर टिस. आपत्तीतल्या मदतकार्याच्या ‘स्फिअर’ किमान मानकांचे आणि ‘काया’ या ऑनलाइन शिक्षणमंचावरचे अभ्यासक्रम मोफत आहेत, त्यावर दमडी खर्च करू नये.

सगळ्यांनाच आहारतज्ज्ञ व्हावं लागत नाही, हेही तिला सांगा. तीव्र कुपोषणावरच्या तयार खाण्याची पुडी ९२ ग्रॅमची, ५०० कॅलरींची, आणि खोक्यात १५० पुड्या. एका मुलाच्या उपचाराला जवळपास एक खोकं लागतं. दहा हजार मुलांची खोकी बंदरातून उतरवून, पावसाआधी रस्ता बंद होण्यापूर्वी केंद्रांवर पोहोचवणारे आणि हिशेब ठेवणारे लोक त्या कामात कायम हवे असतात.

सध्या एक अडचण आहे, ती लपवत नाही. अमेरिकेची यूएसएड ही संस्था २०२५ साली बंद झाली, वर्ल्ड फूड प्रोग्रॅमसह अनेकांनी नोकऱ्या कमी केल्या. अनुभवी माणसंही कामाच्या शोधात आहेत. म्हणून पदवीनंतर थेट रोम किंवा जिनिव्हा धरून चालू नये. आधी दोन वर्षं इथल्या संस्थेत पगारी काम करावं. डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्ससारख्या संस्था बाहेर पाठवायला किमान दोन वर्षांचा कामाचा अनुभव मागतातच.

पासपोर्ट मात्र आताच काढून घ्या. साध्या ३६ पानी पासपोर्टची फी १,५०० रुपये आहे. जन्मदाखला, दहावीचं प्रमाणपत्र आणि आधार यांवर नावाचं स्पेलिंग एकसारखं आहे ना, ते अर्ज भरण्याआधी तपासा. वेळ बहुतेकदा तिथेच जातो.