दप्तर पाहायचे आहे : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : गोंदिया जिल्ह्यातील मालगुजारी तलावांवर, म्हणजे गावचा सारा भरणाऱ्या मालगुजार जमीनदारांच्या जुन्या तलावांवर, मी संशोधन करतो. तहसीलच्या अभिलेख कक्षात ‘सातबाऱ्यावर नाव असेल तरच दप्तर दाखवू’ असे सांगण्यात आले. हे बरोबर आहे काय?

उत्तर : नाही. माहितीच्या अधिकारात केवळ नकला येत नाहीत. दप्तर प्रत्यक्ष पाहणे आणि त्यातून टिपणे काढणे हेही कायद्याने त्यात धरले आहे, आणि कलम ६(२) प्रमाणे अर्जदाराला कारण विचारता येत नाही. शिवाय २०१८ च्या शासन निर्णयानुसार सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत अभिलेख पाहण्याची सोय आहे. मात्र ‘तलावांची सर्व माहिती’ असा मोघम अर्ज करू नका. त्याला ‘अभिलेख आढळून येत नाही’ हे ठरलेले उत्तर येते. मौजा आणि साल लिहून निस्तार पत्रक (गावाच्या सामाईक जमिनीच्या वापराची नोंद) व वाजिब-उल-अर्ज (गावच्या रूढींची नोंद) ही नावानिशी मागा. मालगुजारी १९५१ मध्ये संपली, पण पाणी कोणी घ्यावे आणि मासे कोणी धरावेत याविषयीची गावची वहिवाट वाजिब-उल-अर्जात सापडते.

वाचनकक्ष मात्र तालुक्याला शोधू नका. मी स्वतः एका तहसिलीत पालथ्या पेटीवर बसून दोन दिवस टिपणे काढली आहेत. लाल रुमालाची गाठ सोडली की आधी धूळ आणि मग कागदाच्या कडांचा भुगा मांडीवर पडतो. म्हणून पाने हळू उलटा आणि गठ्ठा होता तसाच बांधून द्या. पुढच्या वेळी रेकॉर्ड कीपर तुम्हाला ओळखतो ते त्यावरूनच.

प्रश्न : आजोबांची जन्मनोंद कोतवाल बुकात (गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवहीत) असावी, पण तारीख माहीत नाही. नक्कल कशी मागावी? (आर्वी तालुका)

उत्तर : आधी नक्कल नव्हे, पाहणी मागा आणि अंदाजे पाच-सात वर्षांच्या नोंदी स्वतः चाळा. गाव तेव्हा कोणत्या तहसिलीत होते हेही विचारून घ्या. तालुके फुटले तरी जुने दप्तर कधीकधी मूळ तहसिलीतच राहिलेले असते.

प्रश्न : अकोल्याचा ब्रिटिश काळातील पत्रव्यवहार नागपूरला मिळेल काय?

उत्तर : वऱ्हाड १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला, त्यामुळे त्यानंतरच्या प्रांतिक पत्रव्यवहारासाठी पुराभिलेख संचालनालयाचे नागपूर कार्यालय आधी गाठावे. त्यापूर्वी, म्हणजे १८५३ पासून, वऱ्हाडचा कारभार हैदराबादच्या रेसिडेंटच्या (निजामाच्या दरबारातील ब्रिटिश प्रतिनिधीच्या) देखरेखीखाली होता. तो धागा दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातील रेसिडेन्सीच्या दप्तरात शोधावा लागेल. ओळखपत्र आणि मार्गदर्शकांचे पत्र सोबत ठेवा, आणि फोटो काढण्याची परवानगी पहिल्याच दिवशी लेखी मागा.