लाइम असताना परत अमेरिकेला जावं का? उत्तर लांबलंय, माफ करा

तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि झोपच गेली. दोन वर्षांपूर्वी ऑनसाइट असताना वहिनींना लाइम (गोचीड चावल्याने होणारा रोग) झालं, गोळ्यांचा कोर्स झाला, तुम्ही भारतात परतलात, तरी महिन्या-दोन महिन्यांनी सांधे, थकवा, डोकं बधिर होणं हे सगळं उसळतंच, आणि आता कंपनी परत कनेक्टिकटला पाठवतेय, तर तिथे हे फ्लेअर्स कसे सांभाळायचे, असं विचारलंत. मी नऊ वर्षं याच राज्यात आहे, त्यातली सहा या दुखण्यासोबत. व्हिसाचे फॉर्म, चिकटलेली गोचीड कशी काढायची, हे सरकारी साइटवर नीट दिलेलं आहे, ते परत लिहीत नाही.

ज्या गावावरून रोगाला नाव पडलं ते लाइम इथेच आहे. १९७० च्या दशकात तिथल्या पोरांचे गुडघे सुजायला लागले, डॉक्टर संधिवात म्हणत होते, दोन आया मागेच लागल्या म्हणून पुढचा तपास झाला. माझ्या वेळी मागे लागायला कोणी नव्हतं. गुडघ्यामागे चट्टा उठला तेव्हा डॉक्टर म्हणाले किडा चावला असेल. आपल्या रंगावर तो पुस्तकातल्यासारखा लालभडक दिसत नाही हो, जांभळट डाग दिसतो. तपासणी केली तर निगेटिव्ह, कारण अँटिबॉडी तयार व्हायला काही आठवडे लागतात हे मला कोणी सांगितलंच नाही. चार महिन्यांनी गुडघा एवढा सुजला की सलवार चढेना, मग २८ दिवस डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक. गुडघा बरा झाला, थकवा काही गेला नाही.

आता फ्लेअरचं. उपचारानंतर साधारण ५ ते १० टक्के लोकांना थकवा, अंगदुखी, विसरभोळेपणा सहा महिन्यांच्या पुढेही राहतो आणि त्यामागचं नेमकं कारण अजून सापडलेलं नाही. म्हणून दरवेळी रक्त तपासून काही हाती लागत नाही, अँटिबॉडी बरं झाल्यावरही वर्षानुवर्षं रक्तात राहतात. माझा अनुभव म्हणजे फ्लेअर वाईट दिवसात नाही, चांगल्या दिवसात सुरू होतो. एक दिवस अंग हलकं वाटलं की मी तीन आठवड्यांचे कपडे, बँक, सगळं उरकायला घ्यायचे आणि चौथ्या दिवशी जिना चढता यायचा नाही. आता बरं वाटत असतानाच निम्म्यावर थांबते. हे ऐकायला सोपं आहे, करायला मला दोन वर्षं लागली, कारण निम्मं काम टाकून बसलेली बाई आळशी दिसते, निदान मला मीच तशी दिसायचे. सर्दी-ताप, अपुरी झोप, पाळीच्या आधीचे दिवस आणि विमानप्रवास, हे माझे ठरलेले. तुम्ही पोचलात की पहिले दोन आठवडे वहिनींवर काहीही टाकू नका, घर लावणं सुद्धा नाही.

पण प्रत्येक दुखणं लाइमच्या खात्यावर टाकू नका. माझा एक 'फ्लेअर' आठ महिने चालला आणि शेवटी निघालं काय तर रक्तातलं लोह तळाला गेलेलं. थायरॉइड, बी१२ निघायच्या आधीच बघून घ्या. तोंड एका बाजूला वाकडं झालं, चक्कर येऊन पडल्या, छातीत धडधडलं किंवा सांधा परत सुजला तर मात्र फ्लेअर म्हणून घरी थांबायचं नाही. आणि एकदा होऊन गेलं म्हणून परत होत नाही असं नसतं, मे ते जुलै खसखशीएवढ्या गोचिडी फिरत असतात.

इथे एक कबुली देते. एका खाजगी दवाखान्याने महिनोन् महिने अँटिबायोटिकचा कोर्स सांगितला, इन्शुरन्समध्ये बसत नव्हता, मी घेतला. नवऱ्याला खर्चाचा अर्धाच आकडा सांगितला. पोट पार बिघडलं, थकवा होता तिथेच. दीर्घ कोर्सने प्लसिबोपेक्षा (म्हणजे औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा) टिकाऊ फायदा होत नाही हे अभ्यासांतून आधीच दिसलं होतं, मी ते वाचलंही होतं, तरी घेतला.

कागदपत्रांचं विचारू नका. आजारी जोडीदारासाठी १२ आठवडे बिनपगारी रजा अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने मिळते, पण त्याच नोकरीत १२ महिने आणि १,२५० तास भरल्यावर; कनेक्टिकटच्या स्वतःच्या कायद्याने २०२२ पासून तीन महिने नोकरी झाली की मिळते, म्हणजे अगदी सुरुवातीला, जेव्हा सगळ्यात जास्त गरज, तेव्हा नाहीच. तुम्ही तिथल्या कंपनीच्या पगारावर जाणार असाल तर सुरुवातीच्या महिन्यांतल्या रजेचं एचआरकडून आत्ताच लेखी घ्या. माझं लायसन्स व्हिसाच्या तारखेला बांधलेलं, एक्स्टेन्शन अडकलं तसं तेही संपलं, आणि नेमकं त्याच महिन्यात मला उठवत नव्हतं.

त्याच काळात मुलाला शाळेत घातलं. फॉर्मवर घरची भाषा मराठी लिहिली म्हणून त्याची इंग्रजीची चाचणी घेतली. पोरगं घाबरून गप्प बसलं आणि वर्षभर त्याला वेगळ्या वर्गात काढून नेत राहिले. त्याला सगळं येत होतं. मी शाळेत जाऊन दोन तास भांडले असते तर सुटलं असतं. फोन हातात घ्यायचे, वाक्य जुळवता जुळवता पहिला शब्दच विसरायचे, ठेवून द्यायचे. आता तो चौदाचा आहे, त्याला यातलं काही आठवत नाही म्हणतो. मला शाळेच्या पार्किंगमधली ती सकाळ आठवते, तो आत जाताना मागे वळून बघत होता आणि मी स्टिअरिंगवर डोकं ठेवलेलं.

एकटेपणाबद्दल विचारलंत, सवय होते. पुढचं.

पुढचं म्हणजे खरं तर हेच लिहायला बसले होते. तुमच्या एवढ्या लांब प्रश्नात वहिनींना काय वाटतं ते कुठेच नाही. त्यांचे रिपोर्ट आहेत, गोळ्यांची नावं आहेत, त्या नाहीत. रागावू नका, आमच्याकडेही असंच झालं होतं. पहिल्या तीन वर्षांनंतर भारतात परत जायची संधी आली तेव्हा नवऱ्याने डॉक्टरला विचारलं, मित्रांना विचारलं, मग मला विचारलं, 'झेपेल ना इथे?' अजूनही आईशी व्हिडिओ कॉल असला की मी दहा मिनिटं आधी उठून केस विंचरून ताठ बसते, तिला वाटतं लेक ठणठणीत आहे.

तर निवांत एकदा त्यांना विचारा, मुलं झोपल्यावर वगैरे. आणि 'तुम्ही म्हणाल तसं' असं म्हणाल्या तर तो होकार धरू नका, दुसऱ्या दिवशी परत विचारा. मी तेच म्हटलं होतं, आणि परत कोणी विचारलं नाही.