‘अमक्यामुळे तमकं झालं’ यावर कितपत विश्वास ठेवायचा?

तुम्ही विचारलंय की ‘महायुती लाडकी बहीणमुळे जिंकली’, ‘लातूर पॅटर्नमुळे (म्हणजे लातूरच्या क्लासांच्या शिकवण्याच्या पद्धतीमुळे) पोरं डॉक्टर होतात’, ‘अमूल हा दूधसंघ व्हर्गीस कुरियन यांच्यामुळे उभा राहिला’ अशी एका ओळीची कारणं कितपत खरी मानायची. मला निवडणुकांचे आकडे चाळायचा नाद आहे, म्हणून तिथून सुरुवात करतो.

कारण शोधण्याआधी मी बघतो की मुळात बदललं किती. जून 2024 मध्ये लोकसभेला महायुतीला 48 पैकी 17 जागा, आघाडीला 30. नोव्हेंबरात विधानसभेला महायुती थेट 288 पैकी 230 वर. ऐकताना वाटतं, पाच महिन्यांत राज्यच पालटलं. पण लोकसभेला दोन्ही बाजूंची मतं 43-44 टक्क्यांच्या घरातच होती. मुंबई उत्तर पश्चिमचा निकाल तर 48 मतांवर लागला. विधानसभेला महायुती 49 टक्क्यांच्या आसपास गेली आणि आघाडी 35 च्या आसपास उतरली. म्हणजे महायुतीची वाढ पाच-सहा टक्क्यांची, आघाडीची घसरण त्याहून मोठी. त्या घसरणीतला काही भाग बंडखोर, अपक्ष आणि लहान पक्षांकडे गेला. टीव्हीवर चर्चा मात्र फक्त वाढीची.

आता लाडकी बहीणचे महिन्याचे दीड हजार रुपये. जिथे पैसे वाटले आणि तरी सत्ता गेली, अशी उदाहरणं आहेत का? आंध्रात जगनमोहन रेड्डींनी पाच वर्षं थेट खात्यात पैसे टाकले, त्यातही महिलांच्या खात्यात भरपूर. 2019 ला 175 पैकी 151 जागा होत्या, 2024 ला 11. तेलंगणात शेतकऱ्यांना रयतू बंधूचे पैसे देऊनही केसीआर 2023 ला पडले. उलट बाजूही बघायची: 2023 ला मध्य प्रदेशात भाजप जिंकला तेव्हा लाडली बहना चालू होती, पण त्याच दिवशी राजस्थान आणि छत्तीसगडही भाजपने विरोधात असताना काँग्रेसकडून घेतलं. तिथे वाटायला हातात सरकारच नव्हतं. झारखंडमध्ये मात्र मंईयां सन्मानचे पैसे देणारं हेमंत सोरेन सरकार टिकलं, निकाल महाराष्ट्राच्याच दिवशी.

यातून योजना बिनकामाची ठरत नाही. आंध्रात हरतानाही जगन यांना 39 टक्क्यांच्या आसपास मतं होती. समोर तेलुगू देसम, जनसेना आणि भाजप एकत्र होते, जे 2019 ला वेगवेगळे लढले होते. माझ्या मते पैशाने काठावरची मतं सरकतात, पण त्यांच्या जागा किती होणार हे युतीचं गणित, बंडखोरी आणि उमेदवार ठरवतात. आणि एक गंमत: जूनमध्ये महायुतीच्या पराभवाचं कारण म्हणून कांदा सांगणारे नोव्हेंबरात सोयाबीनचं नावही काढत नव्हते. भाव तर हमीभावाच्या खालीच होता.

लातूरचं थोडक्यात सांगतो. दहावीला नव्वदच्या वर टक्के घेतलेली मुलं नांदेड, बीड, धाराशिवहून तिथे जातात. फ्लेक्सवर त्यातली नीटमध्ये चमकलेली झळकतात, गुण कमी पडून गावी परतलेली झळकत नाहीत. त्यामुळे क्लासवाल्याला विचारायचं ते एवढंच: साठ-सत्तर टक्क्यांची मुलं किती घेतली आणि त्यांचं पुढे काय झालं? वारंवार चाचण्या घेऊन चुका काढून घेण्याची तिथली पद्धत चांगली आहे, यात वाद नाही. पण निकालाचा मोठा वाटा प्रवेशाच्या वेळीच ठरलेला असतो.

अमूलचं उलट आहे. अमूलचा मूळ खेडा जिल्हा दूध संघ 1946 चा, त्रिभुवनदास पटेलांनी उभा केलेला. कुरियन आणंदला 1949 मध्ये आले. दूध घ्यायला मुंबईची सरकारी दूध योजना होती, आणि म्हशीच्या दुधाची पावडर करण्याचं तंत्र दुग्धतज्ज्ञ एच. एम. दलाया यांनी बसवलं. एवढं सगळं मोजल्यावर कुरियन यांचं वजन कमी वाटायला लागतं. पण 1970 पासून ऑपरेशन फ्लड या दूधवाढीच्या राष्ट्रीय कार्यक्रमातून तोच आराखडा इतर राज्यांत गेला. कर्नाटकात त्यातून नंदिनी हा दूध ब्रँड उभा राहिला, बऱ्याच ठिकाणी मात्र संघ सरकारी मदतीवर रांगत राहिले. आराखडा एकच असून निकाल वेगळे, म्हणून अमूलच्या बाबतीत मी चालवणाऱ्या माणसाला बरेच गुण देतो, लातूरच्या क्लासवाल्याला देतो त्याहून नक्कीच जास्त.