अर्धा फोटो करडा का झाला?

प्रश्न : घरच्या जुन्या फोटोंचे स्कॅन दोन हार्ड डिस्कवर आहेत. परवा एक जेपेग उघडला, तर खालचा अर्धा भाग करडा! फाइलचा आकार पूर्वीइतकाच. बाकीच्या हजारो फाइली कशा तपासाव्यात?

उत्तर : आधी दोन्ही डिस्कमधलं आपोआप होणारं सिंक बंद करा, नाहीतर खराब फाइल चांगल्या प्रतीवर चढेल. जेपेगमध्ये चित्र दाबून, म्हणजे कमी जागेत बसवून, साठवलेलं असतं. एक बिट (फाइलमधला एखादा ० किंवा १) उलटला तरी तिथून पुढची उकल चुकू शकते, रंग बदलतात, पट्टे सरकतात. न दाबलेल्या टिफमध्ये (चित्र साठवण्याचा दुसरा फाइल-प्रकार) तेवढाच बिघाड बहुधा एका ठिपक्यावर निभावतो.

आकार किंवा तारीख पाहून हे कळत नाही. दोन्ही डिस्कवरच्या प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ चेकसम, म्हणजे फाइलमधल्या माहितीवरून गणिताने काढलेली खूण, काढा (६४ अंक-अक्षरांची ओळ येते) आणि याद्या ताडून पाहा. न जुळणाऱ्या फाइली तेवढ्या उघडा. मात्र कॉपी करण्याआधीच बिघडलेली फाइल दोन्हीकडे तंतोतंत जुळेल, ती डोळ्यांनीच शोधावी लागते. यादी दोन्ही डिस्कवर ठेवून दर सहा महिन्यांनी पडताळा. फोटोत नावं-गावं भरलीत, तर चेकसम बदलणारच. त्याच दिवशी नवा नोंदवा.