नवीन गिनी पिगसाठी खाणं-पाणी: नाशिकमध्ये काय आणून ठेवू?

तुमचा प्रश्न असा आहे: पुढच्या रविवारी मुलीसाठी दोन गिनी पिग घरी येणार आहेत. दुकानदाराने मिक्स दाण्यांचं पाकीट आणि पाण्याची एक बाटली दिली आहे आणि "वर गाजर देत जा, भागतं" असं सांगितलंय. एवढ्यावर भागेल का?

नाही भागणार. मी इंदिरानगरला राहते. आमच्याकडे सहा वर्षांपासून गिनी पिग आहेत आणि मी अगदी याच सल्ल्यावर सुरुवात केली होती. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमची पहिली जोडी म्हणजे ढब्बू आणि चिंगी. बाजरी, मका, सूर्यफुलाच्या बिया असं रंगीबेरंगी मिश्रण दोघं आवडीने खायची, त्यामुळे आम्ही निर्धास्त होतो. तीन-चार आठवड्यांनी चिंगी मागचा पाय ओढत चालायला लागली. उचललं की किंचाळायची. मला वाटलं मुलाच्या हातून पडली असणार, त्यावरून मी त्याला बोललेसुद्धा. डॉक्टरांनी तिचे सांधे चाचपले, हिरड्या पाहिल्या आणि विचारलं, "हिला हिरवं काय देता?" मी म्हटलं, कधीमधी गाजर. चिंगीला स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा आजार, झाला होता. क जीवनसत्त्वाचे थेंब सुरू केल्यावर काही दिवसांत ती पुन्हा धावायला लागली. पण त्या बिचाऱ्या जिवाने ते दिवस दुखण्यात काढले, तेही केवळ आम्हाला माहिती नव्हती म्हणून. मुलाची मी माफी मागितली.

यामागचं कारण समजलं की पुढचं सगळं सोपं होतं. गाय, कुत्रा, उंदीर हे प्राणी क जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करतात. माणसाला आणि गिनी पिगला ते जमत नाही, रोज अन्नातूनच मिळावं लागतं. 1907 मध्ये नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिश या दोन संशोधकांनी गिनी पिगना नुसत्या धान्यावर ठेवलं, तर त्यांना स्कर्व्ही झाला. पुढे क जीवनसत्त्वाचा शोध लागला त्यात या प्रयोगाचा मोठा वाटा आहे. म्हणजे दुकानदाराने तुम्हाला दिलेलं पाकीट बऱ्याच अंशी त्या प्रयोगातलाच आहार आहे. ते परत करा किंवा गच्चीवर चिमण्यांना घाला.

आता खरेदी. तुमचे सगळ्यात जास्त पैसे वाळलेल्या गवतावर जायला हवेत. या प्राण्याचं मुख्य अन्न गवतच आहे, बाकी सगळं तोंडी लावणं. त्याचे सगळे दात, अगदी दाढासुद्धा, जन्मभर वाढत राहतात आणि गवत चावून चावूनच झिजतात. गवत कमी पडलं तर दाढा वाढून जिभेला टोचतात आणि समोर अन्न असूनही त्याला खाता येत नाही. दुसरं म्हणजे त्याचं आतडं सतत हलतं राहावं लागतं, आणि त्याला लागणारा चोथा गवतातूनच मिळतो. म्हणून पिंजऱ्यात चोवीस तास गवत हवं. रात्री दोनला उठून पाहिलंत तरी खात असलेले दिसतील.

पाकिटावर "टिमोथी हे" लिहिलेलं वाळकं गवत प्राण्यांच्या दुकानांत किंवा ऑनलाइन मिळतं. छोटी पाकिटं महाग पडतात, एकदम मोठी पिशवी मागवा. आमच्या दोघांना महिन्याला साधारण तीन किलो लागतं. त्यातलं बरंच ते पायाखाली तुडवतात, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. गवत हिरवट दिसायला हवं आणि त्याला गोडसर वास यायला हवा. पिवळं पडलेलं, भुकटी झालेलं घेऊ नका. आपल्याकडच्या पावसाळ्यात ते प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून ठेवलंत तर घाम सुटून बुरशी येते. मी जुन्या उशीच्या अभ्र्यात भरून कपाटावर ठेवते. कुबट वास आला की सरळ टाकून देते.

स्वस्तात काही मिळतं का, असं तुम्हाला वाटेलच, मलाही वाटलं होतं. गोठेवाल्यांकडे लसूणघास मिळतो. पिल्लं सहा महिन्यांच्या आतली असतील किंवा मादी गाभण असेल तर तो थोडा चालतो. मोठ्यांना मात्र रोज नको, कारण त्यात कॅल्शियम फार असतं आणि या प्राण्यांना मूतखडा चटकन होतो. इगतपुरीकडचा भाताचा पेंढा अंथरायला ठीक, पण त्याने पोषण होत नाही. कडब्याची ताटं फार जाड.

ताजं गवत मात्र जरूर द्या. हराळी, म्हणजे आपल्या दूर्वा, त्यांना फार आवडते. फक्त ती कुठून आणता ते बघा. नाशिकच्या आजूबाजूला द्राक्षबागा आहेत आणि बागेवर मोरचुदापासून कितीतरी फवारण्या होतात, बांधावर तणनाशकही मारलेलं असतं. मळ्यात जाऊन आलेला एखादा नातेवाईक प्रेमाने भारा घेऊन येतो, तेव्हा "हे कुठल्या बांधावरचं?" असं विचारायला लाजू नका. रस्त्याकडेचं आणि कुत्री फिरतात तिथलंही नको. त्यापेक्षा घरीच उगवा. घटस्थापनेला आपण परडीत धान पेरतो ना, तसेच मूठभर गहू पसरट कुंडीत पेरायचे. आठ-दहा दिवसांत वीतभर हिरवा गालिचा तयार होतो. आमच्याकडे खिडकीत अशा दोन कुंड्या आलटून पालटून असतात. मुलीला हे काम नक्की आवडेल.

भाजीचा खर्च फारसा वाढत नाही, कारण निम्म्या गोष्टी तुमच्या पिशवीत आधीच असतात. एका मोठ्या गिनी पिगला दिवसाला 20 ते 30 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व मिळालं की चिंता नाही. हिरव्या ढोबळी मिरचीत 100 ग्रॅमला साधारण 80 मिलिग्रॅम असतं, म्हणजे मध्यम मिरचीचा पाव भाग एकाला पुरतो. लाल ढोबळीत त्याहूनही जास्त असतं, पण ती महाग, आणि रोजच्यासाठी हिरवी उत्तम. बिया आणि देठ काढून टाका. आमच्याकडे ढोबळी मिरची रोज असतेच, सोबत कोथिंबिरीच्या काड्या, काकडीची एक फोड आणि त्या दिवशी हाताशी असेल तो पाला. दोन वेळचा मिळून एकाला चहाचा एक मोठा कप भरेल इतका भाजीपाला बास.

बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारात गेलात तर भाजीवालीकडे फ्लॉवरचा पाला मागून बघा, एरवी ती फेकूनच देते. पावसाळ्यात मक्याच्या कणसावरची हिरवी पानं आणि रेशीम हा तर त्यांचा सण असतो. सोमेश्वरला कणसं खाऊन आलो की आम्ही पानांची पिशवी भरूनच घरी येतो. सगळं दोन-तीन पाण्यांतून धुवा आणि निथळून द्या. शेपू, मेथी आठवड्यातून एक-दोनदा चालते. पालक क्वचित, कारण त्यातल्या ऑक्झलेटमुळे पुन्हा खड्याचीच भीती. कोबीने पोट फुगतं, आम्ही देतच नाही. गाजर गोड असतं, त्यामुळे ते खाऊसारखं, आठवड्यातून दोन चकत्या. पेरूची छोटी फोड अधूनमधून छान, त्यात क जीवनसत्त्व भरपूर. जानेवारीपासून घरात द्राक्षांच्या पेट्या येतात तेव्हा मुलांचे हात आवरा: आठवड्याला एखाद-दुसरा मणी, मिठाच्या पाण्यात ठेवून नीट धुतलेला आणि अर्धा कापलेला.

कांदा, लसूण, कांद्याची पात, बटाटा, टोमॅटोचा पाला, अ‍ॅव्होकाडो, दूध, चॉकलेट यातलं काहीही कधीच नाही. पोळी, भात, बिस्किट, चिवडाही नाही. हे घरातल्या मोठ्यांना आधीच सांगून ठेवा. आमच्या सासूबाई मायेने पोळीचा तुकडा द्यायच्या. त्यांना "नको" म्हणणं मला जड गेलं, म्हणून मी त्यांच्याकडे रोज सकाळी कोथिंबीर द्यायचं काम दिलं. आता त्यांची चाहूल लागली तरी दोघं शिट्ट्या मारायला लागतात.

पेलेट नावाच्या दाबलेल्या गोळ्या मिळतात, त्या घ्या, पण थोड्याच. एकाला रोज एक-दोन टेबलस्पून. पाकिटावर "ससा" लिहिलेलं असेल तर ठेवून द्या. ससा क जीवनसत्त्व स्वतः बनवतो, त्यामुळे त्याच्या गोळ्यांत ते घातलेलं नसतं. गिनी पिगच्या गोळ्यांतही ते काही महिन्यांतच उतरतं, म्हणून उत्पादनाची तारीख बघून लहान पाकीट घ्या. बिया, सुका मेवा, रंगीत तुकडे मिसळलेलं नको. मिठाचे खडे किंवा चाटायचे दगड विकायला ठेवलेले असतात, त्यांची गरज नाही.

पाण्याबाबत मी जरा हट्टी आहे, त्यालाही कारण आहे. एका मे महिन्यात आम्ही सकाळी त्र्यंबकेश्वरला गेलो आणि संध्याकाळी परत आलो. बाटली काठोकाठ भरलेली दिसली, तेव्हा वाटलं आज तहान लागली नसेल. मग नळीला बोट लावून पाहिलं. पुढचा छर्रा अडकला होता, थेंबही येत नव्हता. पिताना तोंडातल्या गवताचा लगदा नळीत जातो आणि सुकून बसतो. दिवसभर दोघं कोरडी होती, तेही नाशिकच्या चाळिशीतल्या उन्हाळ्यात. वाटीत पाणी ठेवल्यावर ज्या अधाशीपणाने ती प्यायली, ते मी विसरू शकत नाही.

तेव्हापासून आमच्याकडे दोन बाटल्या आणि एक वाटी असते. बाटली काचेची किंवा जाड प्लास्टिकची, स्टीलची नळी आणि छर्रा असलेली घ्या आणि मान फार वर करावी लागणार नाही इतक्या उंचीवर टांगा. रोज सकाळी पाणी बदलताना छर्रा बोटाने दाबून थेंब येतो का बघायचं, आणि आठवड्यातून दोनदा बारीक ब्रशने नळी आतून घासायची. बाटलीवर ऊन पडत असेल तर आत हिरवट शेवाळ धरतं, तेव्हा जागा बदला. वाटी चिनी मातीची जड हवी, हलकी असली तर उलटून टाकतात. एक किलोच्या गिनी पिगला दिवसाला साधारण 100 मिलिलिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात जास्त. पाण्याच्या पातळीवर पट्टी चिकटवून खूण केली की किती प्यायलं ते कळतं. तुम्ही जे पाणी पिता तेच त्यांना द्या. सोसायटीत बोअरचं जड पाणी येत असेल तर फिल्टरचं. एप्रिल-मेमध्ये मी माठातलं भरते, फ्रिजमधलं नाही. क जीवनसत्त्वाचे थेंब पाण्यात टाकायला सांगणारेही भेटतील. ते पाण्यात लवकर नासतं आणि चव बदलल्यामुळे प्राणी पाणीच कमी पितो. द्यायचेच असतील तर डॉक्टरांनी सांगितलेल्या मापाने थेट तोंडात.

रविवारी आणाल तेव्हा आधी त्यांना काय खायला मिळत होतं ते विचारून घ्या आणि त्यातलं चार दिवसांचं बरोबर आणा. खाणं एकदम बदललं तर जुलाब होतात. गवत पहिल्या मिनिटापासून भरपूर ठेवा, दाणे आठवडाभरात कमी करत बंद करा आणि नवी भाजी एका वेळी एकच सुरू करा. पहिले एक-दोन दिवस ती कोपऱ्यात लपून बसतील, तुमच्यासमोर खाणार नाहीत. पिंजऱ्यावर अर्धी चादर टाका आणि लेंड्या मोजा. लेंड्या पडत आहेत म्हणजे खाणं चालू आहे. कधी ती वाकून स्वतःच्याच मऊ लेंड्या खाताना दिसतील. मुलीला सांगा की घाण वाटून घेऊ नकोस, त्यातून त्यांना जीवनसत्त्वं मिळतात.

स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा असेल तर दर रविवारी वजन करून वहीत लिहा. आठवड्यात 50 ग्रॅमपेक्षा जास्त उतरलं तर डॉक्टरांना फोन करा. आणि बारा तास काहीच खाल्लं नाही, लेंड्याही नाहीत, तर सकाळची वाट न बघता घेऊन जा. त्यासाठी ससे, गिनी पिग बघणारे पशुवैद्य कोण आहेत हे या आठवड्यातच फोन करून शोधून ठेवा, कारण सगळे बघत नाहीत. औषध लिहून दिलं तर त्यात अमॉक्सिसिलिन किंवा पेनिसिलिन गटातलं काही नाही ना, हे विचारा. कुत्र्या-मांजरांना सर्रास दिलं जाणारं ते औषध तोंडावाटे दिलं तर गिनी पिगच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि त्यात त्याचा जीव जाऊ शकतो.