टाक्यातल्या कुमुदिनीची पानं पिवळी पडतायत, बोअरचं पाणी आहे (जळगाव). कोणतं खत घालू?

आधी पिवळं पान कोणतं ते बघा. कोवळं पान पिवळं नि शिरा हिरव्या असतील तर लोह कमी पडतंय. आपल्या खान्देशात बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड, म्हणजे क्षार जास्त असलेलं नि अल्कधर्मी असतं. त्यात लोह असलं तरी मुळांना उचलता येत नाही. कृषी केंद्रातून चिलेटेड लोह (मुळांना उचलता येईल अशा रूपात बांधलेलं लोह) आणा, पण ईडीडीएचए प्रकारचंच. अल्कधर्मी पाण्यात ईडीटीए हा दुसरा प्रकार टिकत नाही. चिमूटभर कागदात गुंडाळून कुंडीच्या गाळात मुळाजवळ खोल दाबा. पाणी थोडं लालसर झालं तर घाबरू नका. जुनी पानं भराभर पिवळी पडत असतील तर नत्र हवं; एखाददुसरं पिकणारच. युरिया मात्र पाण्यात अजिबात टाकू नका, शेवाळ माजेल नि मासे मरतील! गुण आला की नाही, ते नव्या पानावरच कळेल.