वाचक विचारतात : जगज्जेत्यांचे टप्पे आणि त्यामागचा हिशेब

फॉर्म्युला वनच्या जगज्जेत्यांच्या कारकिर्दीविषयी आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांना इथे उत्तरं दिली आहेत. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : फॅन्जिओच्या नावावर जेमतेम २४ विजय. शूमाकरचे ९१, हॅमिल्टनचे तर शंभराच्या वर. तरी जुने जाणकार फॅन्जिओचं नाव आधी घेतात. हे नुसतं जुन्याचं कौतुक की त्याला काही आधार आहे?

आधार आहे. हुआन मॅन्युएल फॅन्जिओने ५१ शर्यतींत २४ विजय मिळवले, म्हणजे जवळपास दर दोन शर्यतींत एक. मायकेल शूमाकरचे ९१ विजय ३०६ शर्यतींतले आहेत, साधारण तीस टक्के. १९५० साली पहिल्या जागतिक मालिकेत सातच शर्यती होत्या, आणि त्यातली एक इंडियानापोलिसची, जिकडे युरोपातले चालक सहसा फिरकत नसत. २०२४ च्या मोसमात २४ शर्यती झाल्या. मॅक्स व्हर्स्टॅपेनने २०२३ मध्ये एकाच वर्षात २२ पैकी १९ शर्यती जिंकल्या. फॅन्जिओच्या उमेदीत एका वर्षात तेवढ्या शर्यती होतच नव्हत्या, तर जिंकणार कुठून?

त्याची पाच जगज्जेतेपदं (१९५१ आणि १९५४ ते १९५७) चार वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांवर आली : अल्फा रोमिओ, मासेराटी, मर्सिडीज आणि फेरारी. १९५४ मध्ये तर त्याने मासेराटीवर मोसम सुरू केला आणि मर्सिडीजवर संपवला. शेवटचं विजेतेपद मिळालं तेव्हा तो ४६ वर्षांचा होता. सर्वांत वयस्क जगज्जेता आजही तोच.

पण ही टक्केवारीही अगदी धुतल्या तांदळासारखी नाही. त्या काळी शर्यतीच्या मध्यात सहकाऱ्याची गाडी मागून घेता येई आणि गुण दोघांत वाटले जात. फॅन्जिओच्या २४ पैकी दोन विजय असे वाटून घेतलेले आहेत : १९५१ मध्ये रॅन्सला फाजिओलीबरोबर आणि १९५६ मध्ये ब्युनोस आयर्सला मुसोबरोबर. त्याच वर्षी मोंझाला त्याच्या गाडीचं स्टिअरिंग निकामी झालं, तेव्हा पीटर कॉलिन्सने पिटमध्ये (ट्रॅकशेजारची गाड्या थांबवण्याची, टायर बदलण्याची जागा) येऊन आपली गाडी त्याला देऊन टाकली. कॉलिन्सला स्वतःला जगज्जेता होण्याची संधी होती, तरीही. आज असं काही करण्याची सोयच नाही. त्यामुळे दोन काळांतले आकडे शेजारी मांडताना गुण कसे मोजत होते ते आधी बघावं लागतं.

प्रश्न : १९८८ मध्ये प्रॉस्टचे गुण सेनापेक्षा जास्त होते, मग सेना जगज्जेता कसा? काही लबाडी झाली होती का?

लबाडी नव्हती, नियमच तसा होता. सोळा शर्यतींपैकी सर्वोत्तम अकरा निकाल धरायचे, बाकीचे सोडून द्यायचे. तेव्हा विजयाला ९ गुण, दुसऱ्या क्रमांकाला ६, चौथ्याला ३, सहाव्याला १. आता कागद-पेन्सिल घ्या.

अॅलन प्रॉस्ट : ७ विजय (६३) आणि ७ वेळा दुसरा (४२). एकूण १०५. पण निकाल चौदा झाले, त्यातले अकराच चालणार. म्हणजे ७ विजयांचे ६३ आणि चार दुसऱ्या क्रमांकांचे २४, एकूण ८७.

आयर्टन सेना : ८ विजय (७२), ३ वेळा दुसरा (१८), एकदा चौथा (३), एकदा सहावा (१). एकूण ९४. त्यातले सर्वोत्तम अकरा म्हणजे ८ विजय आणि ३ दुसरे क्रमांक, ९०.

असा ९० विरुद्ध ८७. प्रॉस्टचे तब्बल तीन दुसरे क्रमांक कचऱ्यात गेले. या नियमामागचा विचार असा की गाड्या सारख्या बिघडत, तेव्हा चार-पाच बिघाडांनी चालकाचं वर्ष वाया जाऊ नये. व्यवहारात मात्र त्याने सातत्याची किंमत कमी केली आणि जिंकण्याची वाढवली. नेमाने दुसरा येणाऱ्याला ठरावीक टप्प्यानंतर त्याचा काही उपयोगच उरत नसे. १९९१ पासून सगळे निकाल धरू लागले. आमच्या मते तेच बरोबर. पण सेनाचं ते विजेतेपद त्यामुळे हलकं ठरत नाही. दोघेही मॅक्लारेनचेच, नियम दोघांनाही पहिल्या दिवसापासून ठाऊक होता आणि सेना त्या नियमाला धरूनच खेळला.

जाता जाता : जपानमधल्या सुझुकाला, जिथे हे विजेतेपद पक्कं झालं, तिथे सुरुवातीलाच सेनाची गाडी बंद पडली होती. तिथला सुरुवातीचा पट्टा उताराचा आहे. गाडी उतारावर घरंगळू लागली, त्याने क्लच सोडून इंजिन पुन्हा चालू केलं, चौदाव्या जागेवरून वर आला आणि शर्यत जिंकला. सपाट ट्रॅकवर खेळ तिथेच आटोपला असता.

प्रश्न : मोसम संपायच्या आधीच 'विजेतेपद निश्चित' असं जाहीर करतात. हे घरी बसून कसं काढायचं?

उरलेल्या शर्यतींत जास्तीत जास्त किती गुण मिळू शकतात ते काढा. सध्या मुख्य शर्यतीच्या विजयाला २५ आणि स्प्रिंटच्या (काही ठिकाणी मुख्य शर्यतीआधी होणारी छोटी शर्यत) विजयाला ८. सर्वांत वेगवान फेरीचा एक गुण अलीकडे २०१९ ते २०२४ एवढीच वर्षं होता, २०२५ पासून नाही. तीन शर्यती उरल्या आणि त्यात एक स्प्रिंट असेल तर ७५ अधिक ८, म्हणजे ८३. मागच्या चालकावरची आघाडी ८४ झाली की काम झालं. आघाडी नेमकी ८३ असेल तर बरोबरी शक्य असते. मग कोणाचे विजय जास्त ते बघतात. तेही सारखे असतील तर दुसरे क्रमांक, मग तिसरे.

लोक चुकतात ते दोन ठिकाणी : स्प्रिंट धरायची राहते, किंवा फक्त दुसऱ्या क्रमांकावरच्या चालकाकडे लक्ष देऊन तिसऱ्याला विसरतात. २०२२ मध्ये सुझुकाला याची चांगलीच परीक्षा झाली. पावसामुळे ५३ पैकी २८च फेऱ्या झाल्या. गुण कापले जाणार असं संघांसकट सगळ्यांनी धरलं होतं. पण कपातीचा नियम होता तो थांबवलेली शर्यत पुन्हा सुरू न झाल्यास. ही तर सुरू होऊन वेळेच्या मर्यादेवर संपली होती, म्हणून पूर्ण गुण. शिवाय लेक्लेर दुसरा आला होता. शेवटची शिकेन (लागोपाठची नागमोडी वळणं) कापल्याबद्दल त्याला पाच सेकंदांचा दंड झाला आणि तो तिसरा झाला. आता हिशेब बघा. व्हर्स्टॅपेनचे ३६६, पेरेझचे २५३, फरक ११३. उरलेल्या चार शर्यती आणि एका स्प्रिंटमध्ये मिळून, वेगवान फेरीचे गुण धरून, जास्तीत जास्त ११२. एका गुणाने विजेतेपद पक्कं! लेक्लेर दुसराच राहिला असता तर त्याचे २५५ झाले असते, फरक १११ आणि सगळं पुढच्या शर्यतीवर ढकललं गेलं असतं. गाडीतून उतरून आत गेलेल्या व्हर्स्टॅपेनलाही आपण जगज्जेते झालोय हे लगेच खरं वाटेना. गुणकपातीचा तो नियम पुढच्या वर्षी बदलला.

प्रश्न : पोल पोझिशन म्हणजे पहिल्या जागेवरून सुरुवात, की पात्रता फेरीत सर्वांत वेगवान?

ज्या वर्षीचा नियम, त्या वर्षीचं उत्तर. २०१२ मध्ये मोनॅकोला शूमाकर पात्रता फेरीत सर्वांत वेगवान होता, पण आधीच्या शर्यतीतल्या धडकेबद्दल त्याला सुरुवातीच्या रांगेत पाच जागा मागे जाण्याचा दंड होता. पोल मार्क वेबरच्या नावावर गेली आणि शूमाकरचा आकडा ६८ वरच राहिला. २०२१ मध्ये आणखी विचित्र प्रकार : स्प्रिंट जिंकणाऱ्याला पोल द्यायची. त्यामुळे सिल्व्हरस्टोनला शुक्रवारी हॅमिल्टन सर्वांत वेगवान असूनही नोंद व्हर्स्टॅपेनची झाली. पुढच्याच वर्षी ते मोडीत काढलं.

प्रश्न : २००८ मध्ये टिमो ग्लॉकने हॅमिल्टनला मुद्दाम पुढे जाऊ दिलं असं अजून ऐकू येतं. खरं काय? आणि २००७ मध्ये हातातलं विजेतेपद गेलं ते कशामुळे?

दोन्हींचं मूळ एकच : चुकीच्या वेळी चुकीचे टायर. म्हणून क्रमाने घेऊ.

२००७ हे लुईस हॅमिल्टनचं पहिलं वर्ष. मेलबर्नला पदार्पणातच तिसरा, पहिल्या नऊच्या नऊ शर्यतींत पोडियम (म्हणजे पहिल्या तिघांत), सहाव्या शर्यतीत, माँट्रियलला, पहिली पोल आणि पहिला विजय. दोन शर्यती उरल्या तेव्हा किमी रायकोनेनवर १७ गुणांची आघाडी, आणि विजयाला तेव्हा १० गुण. शांघायला पावसात सगळे मधल्या प्रतीच्या, म्हणजे ओलसर ट्रॅकच्या टायरवर निघाले. या टायरचं रबर मऊ असतं आणि ते थंड ठेवायला पाणी लागतं. ट्रॅक वाळला की रबर तापतं, सोलवटतं, आणि मग आतलं कापड दिसू लागतं. पुन्हा पाऊस येईल या अंदाजावर संघाने त्याला बाहेरच ठेवलं. अखेर आत बोलावलं तोवर मागच्या टायरला पकड उरलीच नव्हती. पिटच्या वळणावर गाडी सरळ गेली, खडीत रुतली, चाकं जागच्या जागी फिरत राहिली. 

तरीही ब्राझीलला पाचवा आला असता तर भागलं असतं. तिथे गिअरबॉक्सने थोडा वेळ दगा दिला, गाडी अठराव्या जागेपर्यंत घसरली, आणि तो सातवा आला. रायकोनेन ११०, हॅमिल्टन आणि अलोन्सो प्रत्येकी १०९. या दोघांचे विजयही सारखेच, चार-चार. हॅमिल्टनचे दुसरे क्रमांक जास्त म्हणून उपविजेता तो.

आता २ नोव्हेंबर २००८, ब्राझीलमधलं इंटरलागोस. फेलिपे मासा पुढे आहे, हॅमिल्टनला पाचवा क्रमांक पुरेसा आहे. सहावा आला तर दोघांचे ९७ गुण होणार आणि मासाचे सहा विजय हॅमिल्टनच्या पाचांना भारी पडणार. शेवटच्या काही फेऱ्यांत पाऊस सुरू झाला. बहुतेकांनी आत येऊन ओलसर ट्रॅकचे टायर घेतले. टोयोटाने ग्लॉक आणि ट्रुली दोघांनाही कोरड्या टायरवर बाहेर ठेवलं. हा जुगार होता, पण बिनबुडाचा नव्हता : पिटचा वेळ वाचला म्हणून तर ग्लॉक चौथ्या जागेवर चढला होता. इकडे व्हेटेलने हॅमिल्टनला मागे टाकून सहावा केला.

शेवटच्या फेरीत पाऊस वाढला. कोरड्या टायरचा उभा डोलारा तापमानावर असतो. ओल्या ट्रॅकवर रबर थंड पडतं, कडक होतं. वेग कमी होतो, म्हणून ते आणखी थंड पडतं. पाणी बाहेर फेकायला खोल खाचा नसतात, त्यामुळे टायर पाण्याच्या थरावर तरंगू लागतो. एकदा हे चक्र सुरू झालं की चालकाच्या हातात फारसं काही राहत नाही. ग्लॉक शेवटच्या वळणांत अक्षरशः रांगत होता आणि व्हेटेल व हॅमिल्टन दोघेही त्याच्या पुढे गेले. मुद्दाम सोडलं म्हणणाऱ्यांनी ट्रुलीची शेवटची फेरी बघावी. त्याचेही टायर तसेच, आणि फेरीही तशीच मंद. निकाल ९८ विरुद्ध ९७.

प्रश्न : माझा भाचा कार्टिंग करतो. फॉर्म्युला वनपर्यंतचे टप्पे नेमके कोणते?

कार्टिंग, मग फॉर्म्युला फोर (किमान वय १५), प्रादेशिक फॉर्म्युला, फॉर्म्युला थ्री, फॉर्म्युला टू. खरा दरवाजा म्हणजे सुपर लायसन्स, म्हणजे फॉर्म्युला वनमध्ये उतरण्याचा परवाना. त्यासाठी तीन मोसमांत मिळून ४० गुण, वय १८ (२०२४ पासून अपवाद म्हणून १७ व्या वर्षीही देता येतो), नियमांची परीक्षा आणि फॉर्म्युला वन गाडीत ३०० किलोमीटर. ही चौकट २०१६ पासूनची. व्हर्स्टॅपेन २०१५ मध्ये १७ वर्षं १६६ दिवसांचा असताना शर्यतीत उतरला, त्यानंतर ती आली.

फॉर्म्युला टूमध्ये पहिल्या तिघांत आलं की ४० गुण एकदम मिळतात. फॉर्म्युला थ्रीच्या विजेत्याला ३०, फॉर्म्युला फोरच्या विजेत्याला १२. गडबड होते ती मुदतीत : गुण तीन मोसमांपुरतेच धरतात, त्यामुळे मध्ये एक वर्ष थांबलं की जुने गळतात. मोसमांची आखणी उलटीकडून करा, शेवटच्या वर्षापासून मागे.

उंची-वजनाची धास्ती मात्र आता कमी झाली आहे. २०१९ पासून चालक आणि आसन यांचं मिळून किमान ८० किलो धरतात (पुढे ते वाढवलं), आणि हलक्या चालकाला उरलेला भार आसनाजवळच ठेवावा लागतो. उपाशी राहून वजन उतरवण्यात आता फायदा नाही. मानेचा व्यायाम त्याहून कामाचा.

प्रश्न : शूमाकर पहिल्याच शर्यतीत पहिल्याच फेरीत बाद झाला होता, हे खरं का?

खरं. १९९१, बेल्जियममधलं स्पा, जॉर्डन संघाची गाडी. पात्रतेत सातवा, आणि शर्यत सुरू होताच क्लच गेला. उभ्या गाडीला वेग देताना इंजिन आणि चाकं यांच्या फिरण्यातला सगळा फरक क्लचच्या चकत्यांवर येतो. त्या जरा जास्त घसरल्या की तापतात आणि पकड सोडतात.

पुढच्याच शर्यतीला तो बेनेटनमध्ये होता. पहिला विजय बरोबर वर्षाने, १९९२ मध्ये, आणि तोही स्पालाच. २००१ मध्ये प्रॉस्टचा ५१ विजयांचा विक्रम त्याने मोडला तोही स्पालाच. २००४ मध्ये सातवं विजेतेपदही तिथेच पक्कं झालं. त्या दिवशी मात्र तो दुसरा आला होता. शर्यत जिंकली रायकोनेनने.